फळ्याला शिकवताय की पोरीला?

मंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गावर निघाले होते. सकाळी जांभूळ गावातल्या घरी हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं... महिना होत आला आता. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आता रिद्धीचं काय? रिद्धी माझ्या पाचवीतली. कानाला यंत्र लावूनही तिला जेमतेम ऐकू येतं, बाकीचं ती बोलणाऱ्याच्या ओठांवरून समजून घेते. तिच्या सोबतीला वर्गात बसायला शाळेने मंदाताईंना नेमलं होतं.

अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या शाळेत त्या आल्या तेव्हा मला वाटलं, झालं, आणखी एक कटकट! पहिल्याच दिवशी मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत बोलत होते, तर मागून आवाज, "बाई, फळ्याला शिकवताय की पोरीला?" पोरं खो खो हसली. माझा नुसता तिळपापड! वीस वर्षं शिकवतेय मी. मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्या कानात कापसाचे बोळे कोंबले, पाठ फिरवून काहीतरी पुटपुटल्या आणि वळून विचारलं, "कळलं?" मी आपली उगाच मान हलवली. त्यांनी बोळे काढले. "ती पण अशीच मान हलवते, बाई. कळत काही नाही."

त्या दिवसापासून मी आधी लिहायचं, खडू ठेवायचा, वळायचं आणि मगच बोलायचं असं सुरू केलं. पीटीचे सर शिट्टीबरोबर रुमाल हलवू लागले, शिपाई मावशी घंटा दिली की वर्गातला दिवा चालू-बंद करायच्या. मंदाताई मात्र रिद्धीच्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेल्या, मग थेट व्हरांड्यात. मी चिडवलं, "मजा आहे बुवा तुमची!" तर म्हणाल्या, "मला बिनकामाचं व्हायचंय, बाई. तेच माझं काम."

गेल्या आठवड्यात रिद्धीचे बाबा दाखल्याचा अर्ज घेऊन आले. तिला लांबच्या निवासी शाळेत घालायचं म्हणत होते. "ताईच नाहीत, मग इथे कोणाच्या भरवशावर ठेवू?" मी रिद्धीला बोलावून घेतलं. बाबांनी तिला समोर बसवून सावकाश सगळं सांगितलं. तिने त्यांच्या ओठांकडे बघत समजून घेतलं आणि ती ठामपणे म्हणाली, "मी नाही जाणार. मला बाईंचं सगळं कळतं."

बाबांनी अर्ज घडी करून खिशात घातला. माझे डोळे भरून आले. तोंड लपवायला भिंतीकडे वळणार होते... पण रिद्धी माझ्याकडे बघत होती. नाही वळले.