सहा सेलचा दिवा

भिलाईत कारखाना उभा राहत होता, तेव्हा आमच्या क्वार्टरला लागून एक रशियन कुटुंब राहायचं. नवरा इंजिनिअर, बायको आणि पाचेक वर्षांची मुलगी. डिसेंबरात मुलीला न्यूमोनिया झाला. दोन पावलं चालली तरी धाप लागायची, म्हणून तिला हॉस्पिटलात ठेवलं.

त्यांच्याकडे नव्या वर्षाला झाड सजवतात. बापाने सुरूची फांदी बादलीत रोवली आणि टॉर्चचे इवले बल्ब तारेत गुंफून सहा सेलवर जोडले, कारण आमच्या सेक्टरची वीज रुसक्या जावयासारखी, कधी उठून जाईल नेम नसायचा. मुलगी एकतीस तारखेला संध्याकाळी घरी येणार होती. आदल्या दिवशी ती रशियन बाई बल्ब लागतात का ते बघत होती, तेवढ्यात हॉस्पिटलातून बोलावणं आलं; कशासाठी ते आम्हाला कळलं नाही. माझ्या हातात किल्ली कोंबून दोघं पळाली. झाडावरचे बल्ब लागलेलेच राहिले.

मी बटण बंद करायला गेले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. त्या भंडाऱ्याकडच्या, नवरात्रात नऊ दिवस दिव्यापाशी बसणाऱ्या.

"लेकराच्या नावानं लावला हाये तिनं दिवा. तू कावून विझवून राहिली?"

मी मॅट्रिक झालेली. पण खरं सांगते, मीही घाबरले. पोरीचं काही बरंवाईट झालं, तर दिवा विझवणारी मीच ठरले असते. मी कुलूप लावून घरी आले.

समईत तेल घालता येतं, सेलमध्ये काय घालणार? सकाळी जाऊन बघते तर बल्ब तांबूस पडलेले. चहा होईपर्यंत तेही गेले. बाजारात सेल संपलेले. मग टॉर्चचे करायचो तसे, उन्हाने थोडी धुगधुगी यावी म्हणून, सहाही सेल उन्हात पत्र्यावर मांडले आणि पापड राखावेत तशी दिवसभर राखत बसले. सासूबाई शेजारी येऊन बसल्या.

ठरल्याप्रमाणे संध्याकाळी मुलगी आईच्या कडेवरून आत आली. मी बटण दाबलं. झाड उजळलं, तिने टाळ्या वाजवल्या आणि टाळ्या थांबायच्या आत बल्ब मंदावत विझले. बाईने आधी सेलच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तिची भाषा येत नव्हती. "माझी चूक झाली," एवढं मराठीतच म्हणाले आणि मला रडू आलं.

सासूबाई उठून घरी गेल्या. दिवाळीच्या पणत्या ताटात घेऊन आल्या आणि बादलीभोवती लावल्या. मुलगी खाली उतरली, वाकली, गाल फुगवले आणि फू करून एक पणती विझवली. मग दुसरी. ती खदखदून हसत होती आणि तिची आई तोंडावर हात धरून बघत होती.

सासूबाईंनी आमच्या घरात कधी कुणाला दिव्यावर फुंकर घालू दिली नव्हती. मी पोरीला मागे ओढणार, तेवढ्यात त्यांनी काडी ओढली आणि विझलेली पणती पुन्हा लावली.

"फुंकू दे तिले," त्या म्हणाल्या. "छातीत जोर आला पोरीच्या."