घरापुरतं मराठी

मामा जिन्यात मराठी बोलायचे नाहीत. चेन्नईत अड्यारच्या आमच्या इमारतीत त्यांचं दार आमच्या दारासमोर. भाजीची पिशवी घेऊन वर येताना भेटले, की तमिळमध्ये पाऊसपाण्याची चौकशी करायचे, इंग्रजीत स्वतःचा रक्तदाब सांगायचे. मग उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे, चपला भिंतीला लावून ठेवायचे, दार लोटायचे आणि म्हणायचे, "हां. आतां बोला, ताई. जेवण जालं की?"

मी साताऱ्याची, आवाज मुळातच मोठा. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन चेन्नईला आले, तेव्हा समोरच्या घरात मराठी बोलतात हे कळायलाच मला कितीतरी महिने लागले. कळलं तेव्हा भर जिन्यात मी म्हटलं, "अहो मामा, तुम्ही मराठी? आणि इतके दिवस माझं मोडकं तमिळ ऐकून घेताय?" त्यांनी खालीवर बघून घेतलं आणि पुटपुटले, "आमचं मराठी घरापुरतं, हो."

घराणं तंजावरचं, कैक पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेलं. स्वतः मामांची सगळी नोकरी एग्मोरच्या एका कचेरीत गेली, पण शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही हे मराठी असल्याचा पत्ता नव्हता. मी एकदा सरळच विचारलं, लाज वाटते की काय? त्यांना राग आला नाही. म्हणाले, "लाज कशाची? देवाची भांडी आपण चहाला काढतों का?" तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी घरात एक असतात आणि दारात दुसरी. मामांचं मात्र बरं होतं, दोन्हीकडची माणसं चांगली होती.

मामींना विसरण्याचा आजार जडला आणि त्या देवाच्या भांड्यांना रोजचं काम लागलं. आधी मामींचं इंग्रजी गेलं. ते फारसं नव्हतंच. मग तमिळ गेलं. ज्या बाईनं भाजीवालीशी तासन्‌तास घासाघीस केली, ती तिच्याकडे अनोळखी देशातून आल्यासारखी बघायला लागली. उरलं ते लहानपणचं मराठी. मुलगा सिंगापूरला. तो आईवडिलांशी तमिळमध्येच बोलत वाढलेला, सून तमिळ. म्हणजे मामींशी बोलू शकणारी दोनच माणसं उरली, एक मामा आणि एक मी; माझे यजमान मराठीतही दिवसाला चारच शब्द बोलतात.

एकदा शेवग्याच्या शेंगा मोडता मोडता मामा म्हणाले, "मी आधीं गेलों तर ही कोणाशी बोलेल, ताई?"

"मी आहे की."

"तुमची बदली होईल."

"बदली व्हायच्या आत मी निवृत्त होईन. शेंगा नीट मोडा, शिरा राहतायत," मी म्हटलं. मला त्यांचा रागच आला होता, कारण प्रश्न खरा होता.

मुलाचं म्हणणं, दोघांनीही कायमचं सिंगापूरला यावं. मामा म्हणाले, आधी जाऊन बघतो. पण विमानात मामींना बाथरूमला कोण नेणार? मग मी आणि माझे यजमान, आम्हीही रजा काढली आणि चौघं मिळून गेलो.

तिथं मुलानं एका रविवारी सागरी प्राण्यांच्या बागेची तिकिटं काढून ठेवली होती. सकाळपासून पाऊस, पण पैसे भरलेत म्हटल्यावर मराठी माणूस काय नि तमिळ माणूस काय, घरी बसत नाही. सगळ्यांनी प्लास्टिकचे गुलाबी रेनकोट चढवले. मामा वेष्टीवर, म्हणजे तिकडच्या धोतरावर, रेनकोट घालून, वर पुन्हा छत्री धरून चालले होते. दुसऱ्या हातात मामींचा हात.

तळ्याभोवती पायऱ्यापायऱ्यांची बैठक होती. पाण्यातून एक भला मोठा सी लायन वर आला आणि मामींसमोरच कठड्याला टेकला. मामींनी त्याला निरखलं.

"कोण आले आहेत? मिशा आहेत."

"पाहुणे," मामा हळूच म्हणाले.

"जेवले की?"

इतक्यात खेळ करणाऱ्या मुलीनं त्याच्या तोंडात मासा टाकला. "जेवताहेत," मामा म्हणाले. मामींचं समाधान झालं. मी हसू दाबत होते. मुलगा मात्र आमच्याकडे पाठ करून फोन बघत होता. त्याला त्यातलं निम्मंच कळलं असावं.

मग वीज चमकली. खेळ बंद, सगळ्यांनी आडोशाला जावं, अशी घोषणा झाली आणि गर्दी एकदम छपराकडे लोटली. छपराखाली आल्यावर छत्री मिटायला मामांनी मामींचा हात सोडला. तेवढंच. छत्री मिटून वळले, तर भोवती सगळे गुलाबी रेनकोट आणि त्यांत मामी नाहीत.

आम्ही चारी दिशांना धावलो. मुलानं चौकशीच्या खिडकीत आईचा पासपोर्ट दिला. तिथली मुलगी भली होती. तिनं इंग्रजीत पुकारलं, मग चिनी, मलय आणि तमिळमध्येही पुकारायला लावलं. बाहेर पाऊस कोसळत होता, तळी उघडी होती. कोणी आलं नाही. मुलगा म्हणत होता, पुन्हा पुकारा, आणखी मोठ्यानं.

"ती ह्या नावाला ओ देणार नाही," मामा इंग्रजीत म्हणाले. पासपोर्टवरचं नाव, मागे नवऱ्याचं नाव जोडलेलं. त्यातल्या स्वतःच्या नावानं मामींना शाळा सुटल्यापासून कोणी हाकच मारली नव्हती. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "तुम्ही घरी काय म्हणता?" मामांनी हळूच एकच शब्द सांगितला. त्यांच्यात बायकोला नावानं हाक मारत नाहीत. आख्ख्या संसारात ते तिला एवढंच म्हणत आले, "अगो." मुलीनं तेही म्हणून पाहिलं. मामांनी मान हलवली आणि माईकसाठी हात पुढे केला.

माईक हातात आल्यावर त्यांनी जिन्यात बघायचे तसं आजूबाजूला बघितलं. लोटायला दार नव्हतं. माणसं गच्च भरलेली. मग डोळे मिटून ते बोलले.

"अगो. मी बोलतों आहें. भिऊं नकोस. पाऊस आहे, फिरूं नकोस. जेथें आहेस तेथें बैस. मी येतों."

सगळ्या बागेत, झाडाझाडाखाली, त्या चार भाषांच्या माणसांच्या डोक्यावरून आमचं मराठी गेलं. लोक माना वर करून ऐकत होते. मुलगा खाली बघत उभा होता.

थोड्याच वेळात खिडकीतल्या वायरलेसवर कोणीतरी बोललं: सी लायनच्या तळ्यापाशी एक म्हातारी बाई एकटी बसली आहे आणि कर्णा लावलेल्या खांबाशी बोलते आहे. आम्ही पळालो. रिकाम्या पायऱ्यांवर, भर पावसात मामी हात मांडीत घेऊन बसल्या होत्या आणि खांबाला सांगत होत्या, "होय. बैसलें आहें. सावकाश या, घसरेल." मामा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. छत्री उघडायचं भान दोघांनाही नव्हतं.

परतीच्या टॅक्सीत मुलगा पुढे बसला होता. त्यानं मान न वळवता तमिळमध्ये विचारलं, "अप्पा, 'उक्कारु'ला आपण घरी मराठीत काय म्हणतो?"

"बैस," मामा म्हणाले. चांगलं मोठ्यानं, ड्रायव्हरसमोर.

चेन्नईला परत आल्यावर मामा जिन्यात मराठी बोलू लागले. मामींना एकेक पायरी चढवताना त्यांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. सिंगापूरचं काय ठरलं हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मुलगा येऊन मामींना घेऊन गेला. समोरच्या दाराला कुलूप लागलं.

परवा त्याचा फोन आला तेव्हा मी जिन्यातच होते, हातात दूध. तो अडखळत मराठीत म्हणाला, "ताई, अम्मा दारांत उभी. मी बैस सांगतों, ऐकत नाहीं. तुम्ही बोला." त्यानं फोन मामींच्या कानाला लावला.

"ते कोठें गेले?" मामींनी विचारलं.

मी हातातलं दूध पायरीवर ठेवलं. समोर ते कुलूप. मग मी मोठ्यानं, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "येतायत, मामी. पाऊस आहे, फिरू नका. जिथं आहात तिथं बसा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"होय," मामी म्हणाल्या. "बैसलें आहें. सावकाश येऊं देत."