गढूळ ग्लास

लेकीनं ग्लास समोर ठेवला आणि मी तो उजेडाकडे धरून पाहिला. बियर पार गढूळ होती, हळदीच्या दुधासारखी.

"गाळायची राहिली का गं?"

"आई! ही गाळायची नसतेच. आधी वास घे, मग छोटा घोट."

मुक्ता बंगळुरूच्या ज्या ब्रुअरीत बियर बनवते, तिथे मी पहिल्यांदाच आले होते. मला सगळं निवडलेलं, निथळलेलं लागतं. चहासुद्धा मी दोनदा गाळते. तरी मुकाट्यानं नाक ग्लासाशी नेलं. पिकलेला आंबा!

"आंबा घातलायस?"

"थेंबभरही नाही. हॉप्स म्हणून फुलं असतात, त्यांचा वास."

असेल फुलांचा. मला मात्र आमच्या पलंगाखालची आढी आठवली आणि पेंढ्यात हात घालून आंबे चाचपणारी लहानपणची ही. घोट मऊ होता, गोडसर, मागून जरासा कडू.

ग्लासातून उजेड येत होता, पण पलीकडे बसलेली ती दिसत नव्हती. फोनवरही असंच होतं. "मजेत आहे" म्हणते, आवाज हसरा असतो. त्यापलीकडचं काही दिसत नाही.

"मे महिन्यात घरी येशील?"

"उन्हाळ्यातच तर इथे गर्दी असते गं." तिनं घड्याळ पाहिलं. "संपव ना, कोमट होईल. मग मला कामाला लागायचंय."

एरवी मी काहीच रेंगाळू देत नाही. त्या दुपारी बियर कोमट झाली, तरी तळाचा घोट तसाच ठेवून मी बसून राहिले.