बसायची मजुरी

रामलिंगनं उभी हयात नांदेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलली. आता गुडघे गेले, पण अंग तसंच रुंद. दारात उभा राहिला की घरात अंधार पडे. गल्लीतला सुदर्शन एका फायनान्स कंपनीसाठी कर्जवसुली करायचा. त्याची नजर नेमकी त्या अंगावर गेली.

"काका, सातशे रुपये रोज. नायगावला जायचं. जीप माझी, जेवण माझं."

"उचलायचं काय?"

"काहीच न्हाई. बसायचं."

रामलिंगला हे पटलं नाही. मोंढ्यात हमाली पोत्यावर मिळे. पाठीवर काही न घेता कुणी सातशे देतो, तर तो दुसरीकडून काहीतरी काढणार.

"नायगावात बसणारी माणसं संपली का?"

"तिथली ओळखीची निघतात, काका. ओळखीचा माणूस दारात टिकत न्हाई."

संशय आणखी वाढला. पण हाताला काम नव्हतं. तो जीपमध्ये चढला.

घर लुंबिनी नावाच्या बाईचं होतं. पुढच्या खोलीत तिची तीन शिलाई मशीनं. सुदर्शननं रामलिंगला ओट्यावर, अगदी दाराला लागून बसवलं. "बोलायचं न्हाई. नुसतं बघायचं," म्हणाला.

ब्लाऊजपीस घेऊन एक बाई आली, रामलिंगकडे बघून कोपऱ्यावरूनच वळली. थोड्या वेळानं दोन पोरी आल्या, त्याही वळल्या. तेव्हा रामलिंगला आपलं काम कळलं. वाट अडवायला पोतं टाकावं, तसं त्याला टाकलं होतं.

लुंबिनी बाहेर आली. "हे कोण?"

"आमचे साहेब हायत, ताई. हप्ता द्या, लगेच उठतील."

"साहेबांचं ओळखपत्र दाखवा."

"माझं बघितलंय की तुम्ही."

"तुमचं बघितलं. कंपनीनं तुम्हाला वसुलीला नेमल्याचं पत्र असतं, त्यात यांचं नाव हाय का?"

सुदर्शनचा फोन वाजला, का त्यानं वाजवून घेतला, कोण जाणे. बोलत बोलत तो जीपकडे गेला.

रामलिंग हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, पैसे घेतलेत का तुम्ही?"

"घेतलेत. दोन हप्ते थकलेत. गणवेशाचं बिल अडकलंय, तसं कंपनीला लिहून दिलंय. बुडवायचं न्हाई मला. उद्या शाळेच्या मॅडम नव्या कामाचं ठरवायला येणार. तुम्ही असेच बसलात तर त्याबी परत जातील. मग हप्ता भरू कशातनं?"

"मग तक्रार करा."

"करणारच हाय. आधी कंपनीकडं. तीस दिवसांत दाद न्हाई दिली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. दारात माणसं बसवून, गल्लीत बदनामी करून वसुली करता येत न्हाई. पण ते म्हणतील, म्हातारा दमला होता, ओट्यावर टेकला. तुम्हाला इथं कुणी बसवलं ते तुम्ही सांगितलं, तर तसं म्हणता येणार न्हाई."

"माझं नाव घेऊन पोलिसात अडकवताल मला."

"आन् तुम्ही आज एक सांगताल, नांदेडला जाऊन फिरवताल. मी तरी तुमच्यावर कसा इसवास ठेवू?"

रामलिंगनं भिंतीला हात लावला, एक गुडघा सरळ केला, मग दुसरा. उभा राहायला वेळ लागला.

"काढा तुमचा मोबाईल."

तिनं चित्रण सुरू केलं. त्यानं नाव सांगितलं, कुणी आणलं ते सांगितलं, किती देतो म्हणाला ते सांगितलं, काय करायला लावलं तेही.

"आडनाव राहिलं," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून सांगा."

त्यानं पुन्हा सांगितलं.

सुदर्शन धावत आला. "काका, काय करून राहिले?" मोबाईल आपल्याकडे वळलेला दिसताच त्याचा आवाज बसला. "जा आता एसटीनं," एवढं म्हणून तो निघून गेला. सातशेतला एक रुपयाही दिला नाही. रामलिंगनं मागितलाही नाही.

लुंबिनीनं ते चित्रण तिथंच उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं. मगच पाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा ओटा मोकळा होता. दोनशे गणवेशांचं काम तिला मिळालं. त्याच दिवशी तिनं चित्रण आणि रामलिंगचा नंबर जोडून कंपनीकडं तक्रार केली.

आठ दिवसांनी रामलिंगला फोन आला. गोड आवाजाचा माणूस, कंपनीतून बोलतो म्हणाला. "आजोबा, बाईनं किती दिले तुम्हाला, असं बोलायला?"

"पाणी दिलं."

"हे बघा, गैरसमज झाला असं म्हणा. विषय मिटवू. सुदर्शन तुमच्याच गल्लीतला पोरगा."

सुदर्शन रोज समोरून जायचा, मान वळवून.

"तुम्ही कंपनीचेच कशावरून?" त्यानं विचारलं.

पलीकडचा पुन्हा गैरसमजाचंच बोलू लागला.

"फोनवर न्हाई बोलणार. हपीस कुठं हाय ते सांगा. येऊन, घडलं तसं लिहून देतो, आन् पोच घेतो."

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर निघालं. लिफ्ट बंद होती. दर वळणावर कठडा धरून थांबत रामलिंग वर चढला.