दीड महिना कोणाचा चष्मा घालत होते

आज गुरुवार. ऑफिसातून लवकर निघाले आणि डोंबिवलीला उतरून थेट चष्म्याच्या दुकानात गेले.

यांना जाऊन दीड महिना झाला. तेव्हापासून कॉम्प्युटरसमोर बसलं की डोळे दुखतात, अक्षरं तिरकी दिसतात. रडण्यामुळे असेल, असं वाटायचं. काल ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "अगं, मान अशी कलती का धरतेस? अगदी भाऊजींसारखी!"

दुकानदाराने चष्मा मशीनवर तपासला. "ताई, हा तुमचा नंबरच नाही. कोणाचा घालताय?"

आमचे दोघांचे चष्मे एकाच ऑफरमध्ये घेतलेले, फ्रेम सारखीच. अंत्यदर्शनाच्या वेळी नणंद म्हणाली होती, "वहिनी, दादाला चष्मा घाला ना, ओळखूच येत नाहीये." टेबलावरचा हाताला लागला तो मी घातला. तो तसाच त्यांच्याबरोबर गेला.

म्हणजे माझा गेला. आणि मी रोज त्यांच्या चष्म्यातून स्क्रीन बघतेय.

दुकानदार म्हणाला, "हा आता घालू नका, डोळे बिघडतील." नवा शनिवारी मिळेल. हे लिहितानाही तोच डोळ्यांवर आहे. घरात ठेवायची भीती वाटते, टाकवतही नाही. तुम्ही काय केलं असतं?

एवढं टाईप करून चष्मा काढते. तांदूळ निवडायचेत, ते बोटांनीही जमतं.