हडळबाईच्या हातचा घास

हडळबाई काही खरी हडळ नव्हे. एका जुन्या गोदामात काळे पडदे लावून कुणी 'एस्केप रूम' काढली होती. लोक पैसे मोजून भ्यायला यायचे, आणि साठी ओलांडलेली ही बाई केस सोडून पलंगाखालून सरपटत त्यांच्या पुढ्यात यायची. त्यांनी तासाभरात किल्ल्या शोधून बाहेर पडायचं, हिने त्यांना सुचू द्यायचं नाही. आत सोडण्याआधी दारावरचा माणूस बजावायचा, "भुतं अंगाला हात लावणार नाहीत, तुम्हीही लावू नका. फारच भीती वाटली तर छातीवर हातांची फुली करा. भूत मागे सरेल." मग भलेभले पैलवान फुली करायचे आणि हडळबाई मुकाट भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

घरी मात्र न केलेल्या सोंगाची भीती. नवऱ्याला विसरण्याचा आजार जडला होता. चेहरा कितीही खसाखसा धुऊन आली, तरी "ही कोण बया? घालवा हिला!" म्हणून ते ताट भिरकावायचे. पार काटकी झाली त्यांची.

"आई, महिनाभर बघू," मुलगा म्हणाला. "वजन वाढलं नाही, तर बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवायचं."

"अरे, परक्यांना भिववायचा पगार घेते मी. घरच्याला न भिववता दोन घास घालता येईनात होय?"

भ्यालेल्या माणसाच्या हाती सुटका असावी, एवढं तिला कळत होतं. तिने त्यांना शिकवलं, "अहो, अशी फुली केलीत की मी लांब जाईन बघा." त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, पण फुली पक्की बसली. ओरडणं थांबलं. तिला वाटलं, जमलं!

कसलं जमतंय! चमचा उचलला की फुली. ती भिंतीशी, भात गार. दिलेला शब्द मोडावा तरी कसा?

महिना सरत आला, तसा मुलगा चिडला. "फुलीबिली पुरे झाली. धरून भरव!"

तिने एकदाच ऐकलं. त्यांचे हात धरून फुली सोडवली. तीन घास गेले पोटात. मग खाली पाहिलं, तर भीतीने त्यांचं धोतर भिजलं होतं.

"ने त्यांना," ती मुलाला म्हणाली.

आठवड्याने ती भेटायला गेली. कोण कुठली नर्स, एका हातात चमचा, दुसऱ्यात मोबाईल. आणि ते आपले शहाण्या लेकरासारखा आ करत होते.

"या ना आजी, आत या. फुली का काय फोनवर म्हणत होतात, तसलं काही करत नाहीत हो हे."

हडळबाईने पाऊल मागे घेतलं.

"नको गं बाई. मला बघितलं तर तोंडातला घास टाकतील."