सोळा अक्षरांनंतरचं आडनाव

लालबागच्या एका गाळ्यात आम्ही दवाखान्यांसाठी पेशंटची नावं दाखवणारे बोर्ड बनवतो. बोर्डवर इंग्रजी सोळा अक्षरं मावतात, म्हणून लांब नाव कापणारं एक फंक्शन लागतं. ते माझ्या हाताखालच्या इंजिनियरला दिलं होतं.

C भाषेत फंक्शनला स्ट्रिंग दिली की अक्षरांची नक्कल जात नाही. ती मेमरीत जिथे आहेत, तो पत्ता जातो, तोच पॉइंटर. तिथे काही कापलं की मूळ नावच कापलं जातं. म्हणून मी पॉइंटरआधी const लिहून दिलं होतं. म्हणजे वाचा, पण हात लावू नका; लावला तर प्रोग्रॅम तपासून तयार करणारा कंपायलर एरर देऊन अडवतो.

परळच्या एका दवाखान्यात बोर्ड लागला, सोबत लॅबमध्ये आमचंच स्टिकर छापायचं मशीन. तेच नाव पुढे रक्ततपासणीच्या बाटलीवरच्या स्टिकरला जायचं. आपल्याकडे आधी बाईचं नाव, मग नवऱ्याचं, शेवटी आडनाव. एका सकाळी दोन बाया आल्या. दोघींचं स्वतःचं नाव एकच, नवऱ्याचंही एकच. आडनाव दोन्ही स्टिकरवरून गायब. रिपोर्ट उलटसुलट गेले. दवाखान्याने बाटल्यांना स्टिकर लावणाऱ्या लॅबमधल्या मुलीला कामावरून काढायचं ठरवलं.

मी प्रोग्रॅम उघडला. const नव्हतं.

"कंपायलर एरर देत होता मॅडम," इंजिनियर म्हणाला. "काढलं, तर चाललं."

"तो एरर तुझ्यासाठीच होता, गाढवा. नक्कल करून ती कापायची होती."

"मग तुम्ही तपासलं काय?"

बरोबर होतं. बोर्डवर नाव नीट दिसलं, तेवढ्यावर मी सही केली होती.

मालकांनी दार लावून घेतलं. "ताई, तोंड बंद ठेवा. तिने स्टिकर नीट वाचायला नको?"

"काय वाचणार? आडनाव होतं कुठे?"

"तिला दुसरीकडे मिळेल काम. आपली ऑर्डर गेली तर तुम्ही देणार?"

मी जागेवर जाऊन दवाखान्याला पत्र लिहिलं. चूक आमच्या प्रोग्रॅमची, तपासणी माझी, एवढंच. पाठवलं, मग मालकांना सांगितलं. ते चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. गाळा शांत होता, काम बरं झालं.

दुरुस्त प्रोग्रॅम घालायला गेले, तेव्हा ती मुलगी लॅबमध्येच होती. आभार वगैरे काही नाही. पेनने हाताने नावं लिहीत होती, आडनावासकट.

"तुमचं मशीन तिकडे कोपऱ्यात आहे," ती म्हणाली. "वायर मीच काढलीय. लावायची नाही."